घरातील संगणकाला बाहेरून हाक : खाजगी पत्ता, राउटर आणि दूरस्थ प्रवेशाचा इतिहास (विशेष संदर्भ : शेगाव)

प्रस्तावना

शेगाव हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते श्री संत गजानन महाराजांच्या समाधिस्थानामुळे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानक, वर्षभर येणारा भाविकांचा ओघ आणि १९८३ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे या गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध त्याच्या आकारमानाच्या मानाने पुष्कळ मोठा आहे. परगावाहून शिकावयास आलेला विद्यार्थी येथे खोली घेऊन राहतो तेव्हा त्याच्या टपालाच्या पत्त्यात त्याच्या नावाखाली 'मार्फत' हा शब्द येतो आणि त्यापुढे घरमालकाचे नाव येते. भ्रमणध्वनीपूर्वीच्या काळात त्याच्या दूरध्वनीची व्यवस्थाही अशीच होती. घरी बोलावयाचे तर तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर जाई; घरच्यांना त्याच्याशी बोलावयाचे असल्यास त्यांच्याजवळ घरमालकाचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक असे आणि त्यापुढे 'पी.पी.' ही दोन अक्षरे लिहिलेली असत. बूथवरून कोठेही फोन लावता येई. परंतु आलेला फोन आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी मध्यस्थ लागे, तो त्या वेळी घरी असावा लागे आणि हाक मारण्याची त्याची इच्छाही असावी लागे.

आज त्याच खोलीतील संगणकाची स्थिती तत्त्वतः हीच आहे. त्यावरून जगातील कोणतेही संकेतस्थळ उघडता येते. परंतु तो संगणक सुरू ठेवून मालक नागपूरला गेला आणि तेथून आपल्याच संगणकावरील एखादी फाईल त्याला हवी झाली, तर सरळ मार्ग नाही. मध्ये राउटर आहे, राउटरच्या मागे खाजगी पत्ता आहे, आणि खाजगी पत्त्यावर बाहेरून कोणाला येता येत नाही. हा प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञाकडे सोपविला जातो. प्रस्तुत निबंधात तो इतिहासाचा प्रश्न म्हणून मांडला आहे. घरातील संगणकाला बाहेरून हाक न पोहोचणे ही तांत्रिक अपरिहार्यता नसून एका ऐतिहासिक टंचाईची परिणती होय, आणि ती टंचाई सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

साधनांविषयी

महाजालाच्या इतिहासाची एक सोय अशी की, त्याचे अस्सल कागद उघड्यावर आहेत. १९६९ पासून क्रमांक देऊन प्रसिद्ध होत आलेली 'आरएफसी' ही टिपणे म्हणजे या जाळ्याचे दप्तरच होय. कोणता निर्णय केव्हा झाला, त्याला कोणी विरोध केला, कोणती तडजोड 'तात्पुरती' म्हणून स्वीकारली गेली, हे सर्व त्यात सापडते. याउलट व्यापारी कंपन्यांनी लिहिलेले स्वतःचे वृत्तांत बखरीसारखे वाचावे लागतात : उपयुक्त, परंतु यशाचा क्रम मागाहून रचलेला. मराठ्यांच्या इतिहासलेखनाने कागद आणि बखर यांतील फरक शतकापूर्वीच शिकविला असल्याने आपल्याकडील अभ्यासकास हे क्षेत्र वाटते तितके परके नाही.

दूरस्थ प्रवेशाची पूर्वपीठिका

दुरून यंत्र चालविण्याची कल्पना महाजालापेक्षा जुनी आहे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील हॅनोव्हर येथे डार्टमथ कॉलेजमध्ये भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिटाइप यंत्रावरून गणिते पाठविली. ती सोडविणारे यंत्र न्यूयॉर्कमध्ये होते आणि उत्तरे तारेवरून परत आली. त्यानंतर २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे अर्पानेटवरील पहिला संदेश गेला. तो संदेश म्हणजे पत्र नव्हते, शुभेच्छाही नव्हत्या. दुसऱ्या संगणकात प्रवेश करण्यासाठी टंकलेली 'लॉगिन' ही आज्ञा होती, आणि तिची पहिली दोन अक्षरे पोहोचताच पलीकडील यंत्रणा बंद पडली. पुढे घडलेले पाहता ही घटना केवळ गंमत म्हणून सोडून देता येत नाही. हे जाळे प्रथम बांधले गेले तेच मुळी दूरच्या संगणकावर जाऊन काम करता यावे यासाठी. 'टेलनेट' या दूरस्थ प्रवेशाच्या रीतीचे पहिले टिपण, म्हणजे आरएफसी १५, त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील आहे.

आपल्याकडे या काळात यंत्र दुर्मिळ होते, म्हणून माणसालाच यंत्राकडे जावे लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांतील संशोधक आपले काम छिद्रित पत्रिकांवर घेऊन तेथे जात. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने काही निवडक संस्था एकमेकींना जोडल्या. सर्वसामान्यांसाठी महाजाल आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्या काळातील 'शेल' खात्याची रचना येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ग्राहक मोडेमवरून दूरध्वनी लावून निगमाच्या संगणकात शिरत असे आणि त्याच संगणकावर बसून पत्रे वाचत असे. त्याच्या घरातील संगणक केवळ पडदा आणि कळफलक होता. जाळ्यावर त्याला स्वतःचा पत्ताच नव्हता. भारतीय मध्यमवर्गाचा महाजालाशी पहिला परिचय अशा रीतीने दूरस्थ प्रवेशानेच झाला, मात्र तो दुसऱ्याच्या यंत्रात होता.

मोडेमच्या त्या दिवसांत उलट दिशेचा मार्गही मोकळा होता, हे आज विसरले गेले आहे. संगणकाला मोडेम जोडलेला असेल आणि त्यावर पीसीएनीव्हेअरसारखी आज्ञावली चालू असेल, तर घरचा दूरध्वनी क्रमांक फिरवून त्या संगणकात शिरता येई. दूरध्वनी क्रमांक हा खरा पत्ता होता : ज्याच्याकडे तो होता त्याला बोलावताही येई आणि बोलताही येई.

टंचाई आणि तात्पुरती सोय

महाजालाच्या मूळ रचनेतही प्रत्येक संगणकाला असाच पूर्ण पत्ता अभिप्रेत होता. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये निश्चित झालेला आयपी पत्ता ३२ अंशांचा आहे. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. काही विद्यापीठे आणि सैन्याची कार्यालये जोडावयाची असताना ही संख्या अफाट होती. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत पत्त्यांचे वाटप इनामाच्या जमिनीसारखे झाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका संस्थेला १८ या अंकाने सुरू होणारे सर्व, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाने असाच आपला गट २००० साली परत केला, ही उल्लेखनीय गोष्ट. मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेने मात्र आपल्या गटातील मोठा भाग २०१७ मध्ये विकला. भारताच्या वाट्याला आलेले एकूण पत्ते चार कोटींच्या आसपास आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या १२१ कोटी होती. या दोन आकड्यांवर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभीच पत्ते संपणार हे स्पष्ट झाले होते. दीर्घकालीन उपाय म्हणून १२८ अंशांच्या नव्या पत्त्याचे, म्हणजे आयपीव्ही६ चे काम सुरू झाले आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्याचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तोवर वेळ निभावून नेण्यासाठी मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये 'नॅट' ही पत्ताबदलाची रीत मांडली. आतल्या संगणकांनी आपापसात कोणतेही पत्ते वापरावेत; सीमेवरील यंत्राने बाहेर जाताना ते बदलून सार्वजनिक पत्ता लावावा, असा तिचा आशय. लेखकांनी हा अल्पकालीन उपाय असल्याचे त्या टिपणातच नमूद केले होते, आणि त्यामुळे पत्त्याचा दोन टोकांमधील मूळ अर्थ नाहीसा होतो, हा दोषही सांगितला होता.

त्याच वर्षी एक वाद झाला, त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मार्च १९९४ च्या आरएफसी १५९७ ने काही पत्ते 'खाजगी' म्हणून बाजूला काढले : ते कोणीही वापरावेत, परंतु बाहेरच्या जाळ्यावर त्यांना अर्थ असणार नाही. जुलैमध्ये आरएफसी १६२७ प्रसिद्ध झाले. त्याच्या चार लेखकांनी ही सोय घातक ठरेल असे बजावले. प्रत्येक पत्ता जगात एकमेव असणे हीच या जाळ्याची पायाभूत अट आहे आणि ती मोडण्याचा निर्णय पुरेशा चर्चेविना होत आहे, अशी त्यांची तक्रार होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने खाजगी पत्ते कायम केले आणि विरोधक हरले. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तेव्हापासून कोणाचेच नाहीत आणि सर्वांचे आहेत. यांपैकी शेवटच्या गटात ६५,५३६ पत्ते आहेत. २०११ च्या जनगणनेत शेगाव शहराची लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास होती. म्हणजे माणशी एक पत्ता देऊनही काही उरतील. परंतु नेमके हेच पत्ते जगातील कोट्यवधी घरांत एकाच वेळी नांदत आहेत. 'गजानन कृपा' नावाची घरे गावोगाव असावीत आणि पाकिटावर केवळ तेवढेच नाव लिहावे, तशी ही अवस्था होय.

पत्ताबदल प्रत्यक्षात कसा होतो, हे मंदिराबाहेरील पादत्राणे ठेवण्याच्या व्यवस्थेवरून चांगले समजते. चपला दिल्या की बिल्ला मिळतो. परत येऊन बिल्ला दाखविला की नेमक्या त्याच चपला मिळतात. घरातील संगणक बाहेर काही मागणी पाठवितो तेव्हा राउटर तिच्यावर घराचा एकच सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक लावतो आणि हा क्रमांक कोणत्या संगणकाचा, याची नोंद आपल्या तक्त्यात करतो. उत्तर त्या क्रमांकावर आले की ते योग्य ठिकाणी जाते. एका पत्त्यावर शेकडो यंत्रे चालविणारी ही पोर्टची युक्ती १९९४ च्या मूळ टिपणानंतर रुळली. तिचे रीतसर वर्णन जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०२२ मध्ये सापडते. आता बिल्ला न घेताच कोणी खिडकीशी आला तर काय होईल? त्याच्या नावावर तेथे काहीच ठेवलेले नाही. राउटरही अनाहूत मागणीच्या बाबतीत हेच करतो. तो तिला शत्रू समजून अडवितो असे नव्हे. ती कोणाकडे द्यावी हे त्याला ठाऊक नसते, एवढेच. राउटरमुळे घर सुरक्षित राहते हा समज सर्वत्र आहे आणि तो काही अंशी खराही आहे, परंतु ही सुरक्षितता टंचाईची उपउत्पत्ती आहे. ती कोणी योजिलेली नव्हती.

१९२.१६८.१.१ : घरगुती ब्रॉडबँडचा काळ

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र शासनाने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. २५६ किलोबिट ही त्यातील किमान गती होती. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि नंतरच्या वर्षांत ती दूरध्वनीच्या तारेवरून तालुक्याच्या गावांपर्यंत गेली. मोडेम आणि राउटर एकाच डब्यात आले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा आकडा टंकला की त्या डब्याचे पान उघडे, आणि 'अ‍ॅडमिन' हेच नाव व 'अ‍ॅडमिन' हाच परवलीचा शब्द असे. महाविद्यालयांच्या संगणक विभागांतील अनेकांनी जाळ्याचे व्यावहारिक शिक्षण या पानावर घेतले.

या काळात घराला मिळणारा बाहेरचा पत्ता बहुधा सार्वजनिक असे, मात्र बदलता असे. दूरस्थ प्रवेश उभा करण्याचे काम त्यामुळे कष्टाचे, पण आपल्या हातातले होते. प्रथम आतल्या संगणकाचा खाजगी पत्ता कायम करून घ्यावयाचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. नंतर राउटरच्या पानावर एक कायमचा नियम लिहावयाचा : बाहेरून अमुक पोर्टवर येणारी मागणी या पत्त्याकडे द्यावी. विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये आलेल्या रिमोट डेस्कटॉपसाठी हा पोर्ट ३३८९, केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या व्हीएनसीसाठी ५९००, आणि हेलसिंकी येथे १९९५ मध्ये परवलीचे शब्द चोरीस गेल्यानंतर तातु युलोनेन यांनी रचलेल्या एसएसएचसाठी २२. बिल्ल्याच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर खिडकीवरील माणसास आधीच सांगून ठेवावयाचे की, या क्रमांकाने जो कोणी येईल तो माझ्याकडचा समजावा. राहिला बदलता पत्ता. त्यासाठी 'डायनॅमिक डीएनएस' ही सेवा असे : घरातील यंत्र ठराविक वेळाने आपला नवा पत्ता कळवी आणि एका स्थिर नावापुढे तो नोंदला जाई. डिन या अमेरिकन कंपनीची अशी मोफत सेवा २०१४ पर्यंत जगभरातील घरांना नाव देत होती.

असे दार उघडे ठेवण्याची किंमत पुढे कळली. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक आज्ञावलीने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर शोधून, कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द टेलनेटवर वापरून त्यांचा ताबा घेतला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांच्या फौजेने ज्या कंपनीवर हल्ला केला ती डिनच होती. घरांना नाव देणाऱ्या संस्थेवर घरांतील यंत्रेच चालून गेली. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच गंभीर त्रुटी आढळली, तिला 'ब्ल्यूकीप' असे नाव पडले. आरएफसी १६२७ च्या लेखकांची बाजू घेणाऱ्याने हा पुरावा टाळता कामा नये. सर्वांना पूर्ण पत्ता असता तर असे हल्ले अधिक सोपे झाले असते, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या यंत्रांचा दोष पत्त्यात नव्हता. सर्वांना सारखाच परवलीचा शब्द देऊन ती विकली गेली, हा तो दोष होता.

घरामागचे घर

हे हातातले काम २०११ नंतर हातचे गेले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचा जागतिक साठा संपला आणि १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत क्षेत्राचे वाटप करणाऱ्या एपनिक या संस्थेने शेवटच्या गटाला हात घातला. त्यानंतर प्रत्येक सभासदाला त्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळू लागले. २०१९ पासून ५१२. आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, तारेऐवजी काचतंतू आले, गावोगावी स्थानिक केबल व्यावसायिक महाजाल पुरवू लागले. ग्राहकांची लाट आली तेव्हा कोठार रिकामे होते.

यावरचा उपाय म्हणजे पत्ताबदलावर पत्ताबदल. घराचा राउटर घरातील यंत्रांचे पत्ते बदलतो आणि सेवादात्याचे मोठे यंत्र घरांचेच पत्ते बदलते. एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा गट राखून ठेवला. आपल्या राउटरच्या पानावर बाहेरील पत्ता म्हणून या गटातील किंवा १० ने सुरू होणारा आकडा दिसत असेल, तर आपण अशा व्यवस्थेच्या मागे आहोत असे समजावे. मग पोर्टचा नियम कितीही अचूक लिहिला तरी उपयोग नाही, कारण पहिली खिडकी आपल्या घराची नसून सेवादात्याची आहे आणि तेथे आपल्याला काही सांगून ठेवता येत नाही. स्थिर पत्ता वेगळे मूल्य देऊन घेता येतो, तेही सेवादात्याकडे असेल तर.

पत्ता हा ओळखीचा पुरावाही असतो, आणि तो सामायिक वा बदलता झाला की काय घडते याचे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. २००७ मध्ये ऑर्कुटवरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या आक्षेपार्ह चित्राच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक व्यावसायिकास अटक केली. सेवादात्याने त्या पत्त्यापुढे दिलेले ग्राहकाचे नाव चुकीचे होते. तो निरपराध मनुष्य सुमारे पन्नास दिवस तुरुंगात राहिला. बदलत्या पत्त्याच्या बाबतीत नेमकी वेळ हा पत्त्याचाच भाग असतो. सामायिक पत्ता आल्यानंतर पोर्ट क्रमांकही त्याचा भाग झाला, म्हणूनच जून २०११ च्या आरएफसी ६३०२ ने सर्व्हर चालविणाऱ्यांना वेळेबरोबर पोर्टचीही नोंद ठेवण्यास सांगितले. तपासयंत्रणेला केवळ आकडा मिळाला तर तो आज एका घराचा नसून शेकडो घरांचा असू शकतो. एका शब्दाने लिहिलेला 'मार्फत' किती माणसांवर पसरू शकतो, याची जाणीव न्यायवैद्यक शिक्षणात अद्याप पुरेशी दिसत नाही.

पी.पी. क्रमांकाचे पुनरागमन

दार बाहेरून उघडत नाही, पण आतून उघडते. या एका निरीक्षणावर गेल्या वीस वर्षांतील दूरस्थ प्रवेशाची सर्व साधने उभी आहेत. घरातील संगणक स्वतःहून बाहेरच्या एका मध्यस्थाशी संपर्क करून ठेवतो. मालकही बाहेरून त्याच मध्यस्थाकडे जातो. मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. मार्च २००३ च्या 'स्टन' या रीतीने घरातील यंत्राला आपला बाहेरचा पत्ता व बिल्ला विचारून घेण्याची सोय केली. तो दोन्ही बाजूंना कळला की दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाकिटे पाठवावयाची, म्हणजे दोन्ही राउटरांना आपापल्या यंत्रानेच संभाषण सुरू केले असे वाटते आणि मधली भिंत पार होते. तेही जमले नाही तर सर्व वाहतूक मध्यस्थामार्फत जाते. जर्मनीत २००५ मध्ये आलेले टीमव्ह्यूअर आणि २०१४ मध्ये आलेले एनीडेस्क सामान्यांपर्यंत पोहोचले ते याच कारणाने : राउटरच्या पानाला हात न लावता नऊ-दहा आकडी क्रमांक सांगितला की काम होते. तो क्रमांक म्हणजे आपला पी.पी. नंबरच. शेजारी मात्र आता आळीतला नसून परदेशी कंपनी आहे.

सोपेपणाचा गैरफायदाही झाला. बँकेतून बोलत असल्याचे भासवून ग्राहकास एनीडेस्क घ्यावयास लावणे, त्याचा क्रमांक विचारणे आणि खाते रिकामे करणे या प्रकारांमुळे फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या अ‍ॅपचे नाव घेऊन सावध केले. येथे राउटरने अडविण्यासारखे काही नव्हतेच, कारण दार घरच्या माणसानेच आतून उघडलेले असे.

शासनाच्या दृष्टीने घर हे कामाचे ठिकाण कधी ठरले, हाही या इतिहासाचा भाग आहे. २००८ च्या दूरसंचार विभागाच्या अटींनुसार कॉल सेंटरसारख्या संस्थेच्या कर्मचाऱ्यास घरून काम करू द्यावयाचे तर एक कोटी रुपयांची अनामत आणि सेवादात्याने पुरविलेली व्हीपीएन आवश्यक होती. १३ मार्च २०२० रोजी अनामतीची अट तात्पुरती उठली आणि कंपनीने स्थिर पत्त्यावर स्वतः उभारलेल्या व्हीपीएनलाही मान्यता मिळाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील अनेक तरुण गावी परतले आणि घरच्या राउटरमागे बसून कार्यालयाच्या संगणकात शिरू लागले. ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी या अटी कायमच्या सैल केल्या. योगायोग असा की, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, २९ मार्च २०२० रोजी, प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.६ मध्ये वायरगार्ड ही सुटसुटीत व्हीपीएन अंतर्भूत झाली. आज घरचा संगणक सुरक्षितपणे गाठण्याचा सर्वांत समंजस मार्ग तिच्यावर आधारलेला आहे : घराबाहेर भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर सार्वजनिक पत्ता ठेवावा, घरातील यंत्राने आतून त्याच्याशी गुप्त बोगदा जोडून ठेवावा, मालकानेही त्याच बोगद्याने जावे. रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघड्या जाळ्यावर ठेवावा लागत नाही. मध्यस्थ राहतोच, पण तो आपला असतो आणि गुप्त किल्ल्या दोन टोकांनाच असतात. एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन'ने व्हीपीएन पुरविणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचा आदेश दिला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलविले. स्वतःपुरता बोगदा उभारणारा प्राध्यापक आणि व्हीपीएन विकणारी कंपनी यांतील भेद या निमित्ताने समजून घेण्यासारखा आहे.

मध्यंतरी मूळ दीर्घकालीन उपायही गावात येऊन पोहोचला आहे. शासनाने जुलै २०१० मध्ये आयपीव्ही६ चा राष्ट्रीय आराखडा काढला, त्याच्या मुदती वारंवार पुढे गेल्या. प्रत्यक्ष प्रसार झाला तो भ्रमणध्वनी कंपन्यांमुळे, आणि या पत्त्याच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांमध्ये गणला जाऊ लागला. शेगावातील एखाद्या घराला आज आयपीव्ही६ जोडणी असेल, तर त्यातील प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा सार्वजनिक पत्ता मिळालेला असतो. १९९४ चे विरोधक जे मागत होते ते हेच. तथापि जानेवारी २०११ च्या आरएफसी ६०९२ मध्ये घरगुती राउटरने या नव्या पत्त्यांसाठीही अनाहूत मागणी अडवावी, अशी रचना वर्णिलेली आहे. मिराईचा अनुभव पाहता ती योग्यही आहे. त्याच टिपणात घरमालकाला हवे तेव्हा ती सैल करता यावी, ही अपेक्षाही आहे. ही मुभा ज्या पानावर असावयाची, ते पान सेवादात्याने बसविलेल्या काचतंतूच्या मोडेममध्ये पुष्कळदा ग्राहकासाठी अर्धेच उघडते. आयपीव्ही६ च्या भिंतीची खूण त्यात दिसत नाही, आणि पूर्ण पानाचा परवलीचा शब्द विचारल्यास तो केबलवाल्याकडे असतो.